संध्याकाळी सहा ते नऊ

दारू सोडणाऱ्या माणसाचा सगळ्यात कठीण काळ कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण रुग्णालयातले पहिले चार-पाच दिवस सांगतील. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, काहींना झटके येतात, नसलेली माणसं दिसतात. ते दिवस धोक्याचे असतात, यात शंका नाही. पण त्या दिवसांसाठी औषध आहे, डॉक्टर आहे, उशाशी बसलेली बायको किंवा आई आहे. ज्या वेळेसाठी कुणीच नाही ती वेळ घरी परतल्यावर सुरू होते आणि रोज येते. संध्याकाळी सहाला काम सुटतं, नऊच्या सुमारास जेवण आटोपून माणूस आडवा होतो. मधले तीन तास वर्षानुवर्षं भट्टीवर, ढाब्याच्या मागच्या बाजूला किंवा पानठेल्याच्या बाकड्यावर गेलेले असतात. उपचारानं दारू काढून घेतली, पण ते तीन तास मात्र रिकामेच परत केले. भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरसारख्या गावाला व्यसनमुक्तीसाठी काही करायचं असेल, तर भाषणं, फलक आणि रॅलीच्या आधी या तीन तासांना एक जागा द्यावी, असं मला वाटतं. कुलूप लावता येईल अशी, पण रोज सहाला हटकून उघडणारी एक खोली. या लेखात ती खोली का हवी आणि कशी उभी करायची, ते सांगायचं आहे.

परदेशात अशा जागेला क्लबहाऊस म्हणतात. आपल्याकडे ते नाव लावू नका. आपल्या भागात क्लब म्हटलं की पत्त्यांचा डाव आणि पैशांची उलाढाल डोळ्यांसमोर येते, आणि घरच्या बाईला नवरा क्लबात गेला म्हणून सांगायची वेळ आणणं बरं नाही. ‘व्यसनमुक्ती केंद्र’ हेही नाव नको. केंद्र म्हटलं की भरती, खाटा, पहारा आणि बिल मनात येतं, आणि या खोलीत यातलं काहीच नसतं. ओसरी, बैठक, सोबत असं साधं, घरगुती नाव पुरे. दारावरचं नाव वाचून आत जाणारा कोण आहे ते रस्त्यावरच्याला कळू नये, इतकीच अट.

आता ती का हवी, ते पाहू. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्समार्फत केलेलं व्यसनांचं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता आणि रुग्णालयात भरती होण्याची संधी १८० जणांत एकाला. म्हणजे खाटा वाढवून हा प्रश्न आपल्या आयुष्यात सुटणारा नाही. ज्यांना खाट मिळते त्यांचंही काम तिथे संपत नाही. व्यसनाचा आजार मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या जातीचा आहे, हे अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातल्या २००० सालच्या एका गाजलेल्या लेखानं आकडे देऊन मांडलं. उपचारानंतर वर्षभरात साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा वापराकडे वळतात आणि या इतर आजारांतही औषध-पथ्य मोडण्याचं, त्रास उलटण्याचं प्रमाण त्याच पट्ट्यात आहे. मधुमेहाच्या माणसाला आपण एक महिना भरती करून ‘आता बरा झालास, जा’ असं म्हणत नाही. दारूच्या माणसाला मात्र तेच म्हणतो.

माणूस पुन्हा का पितो, याचाही अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी १९८०च्या दशकात पुन्हा सुरू होण्याच्या प्रसंगांची वर्गवारी केली तेव्हा तीन कारणं सगळ्यांत वर आली: मनाची वाईट अवस्था, घरातलं किंवा बाहेरचं भांडण, आणि मित्रमंडळींचा आग्रह. जवळपास तीन चतुर्थांश प्रसंग या तिन्हींत बसत होते. तिन्ही गोष्टी बहुतेकदा संध्याकाळी घडतात आणि तिन्हींवर उपाय माणसाच्या सोबतीचा आहे. कनेक्टिकट विद्यापीठातल्या मार्क लिट यांच्या गटानं दारूवर अवलंबून असलेल्या २१० लोकांवर केलेल्या अभ्यासात याला आकडा मिळाला. माणसाच्या रोजच्या ओळखीत न पिणाऱ्या एका माणसाची जरी भर पडली, तरी पुढच्या वर्षी न पिण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढत होती. दारू सोडणारेच एकमेकांसाठी चालवतात त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांबद्दल २०२० साली कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. अखंड न पिता राहण्याच्या बाबतीत या सभांकडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. हे अभ्यास मुख्यतः परदेशातले आहेत, हे लक्षात ठेवूनही दिशा स्पष्ट दिसते.

परदेशात न जाताही हे कळतं. आपल्या गावात श्रावण पाळतात. एरवी रोज संध्याकाळी भट्टीवर दिसणारे कितीतरी जण तो महिना हात लावत नाहीत. त्यांचा निर्धार आषाढात कमी असतो आणि श्रावणात अचानक वाढतो, असं काही नाही. श्रावणात मित्रही पीत नाही, आग्रह करणारा आग्रह करत नाही, ‘पाळतोय’ एवढं म्हटलं की समोरचा मान देतो. नाही म्हणायला कारण मिळतं आणि नाही म्हणणारे सोबती मिळतात. मग पोळा येतो, दुसऱ्या दिवशी कर, आणि महिनाभराचं सगळं एका संध्याकाळी वाहून जातं, कारण सोबत संपलेली असते. मी ज्या खोलीबद्दल बोलतो आहे ती म्हणजे ही श्रावणाची सोबत बाराही महिने मिळण्याची सोय. एक सावधगिरी मात्र इथेच सांगतो. सकाळी उठल्याबरोबर प्यायल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, अशा माणसानं श्रावण असो की शपथ, घरच्या घरी एका दिवसात दारू तोडू नये. त्याचं काय करायचं ते पुढे येतं.

महाराष्ट्रात या विचाराची ओळख करून देणारं मोठं नाव म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. मुक्तांगणचं नाव घेताना लोकांना तिथला निवासी उपचार आठवतो; पण उपचारानंतर ठरल्या वेळी फॉलो-अपला येत राहणं आणि बायकांसाठीचा ‘सहचरी’ गट, या दोन गोष्टी मला तितक्याच मोलाच्या वाटतात. गावाच्या दृष्टीनं आणखी जवळचं उदाहरण तमिळनाडूतलं आहे. चेन्नईच्या टी. टी. के. रुग्णालयानं, म्हणजे शांती रंगनाथन यांच्या संस्थेनं, १९८९ पासून मंजक्कुडी या खेड्यातच शिबिरं भरवायला सुरुवात केली. शेतमजूर महिनाभर शहरात येऊन राहू शकत नाही, म्हणून उपचारच गावात नेले, जागेचा आणि लोकांचा भार स्थानिक संस्थेनं उचलला, घरच्यांना सामील करून घेतलं आणि पाठपुरावाही तिथेच केला. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून राज्य सरकार, ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी चालवलेला ‘मुक्तिपथ’ गावागावांतल्या संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणचे दवाखाने यांची सांगड घालतो. गावाची माणसं आणि दवाखाना या दोन्ही टोकांना धरून ठेवल्याशिवाय काम पुढे जात नाही, हे या सगळ्या उदाहरणांत सारखं दिसतं.

युरोपातलं एक उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्या गावच्या मापाचं आहे. क्रोएशियातले मनोविकारतज्ज्ञ व्लादिमीर हुडोलिन यांनी १९६४ मध्ये झाग्रेबला उपचार घेतलेल्यांचे क्लब सुरू केले, आणि १९७९ मध्ये ते इटलीत त्रिएस्ते इथे पोचले. त्यात सदस्य एकटा माणूस नसतो, कुटुंब असतं. आठवड्यातून एकदा सगळे बसतात. बारा कुटुंबं झाली की क्लबचे दोन भाग होतात. ही बाराची मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे काही चांगलं सुरू झालं की लगेच मोठा मंडप, पाहुणे, सत्कार सुरू होतात. मोठ्या सभेत माणूस लपतो. बारा घरांत लपता येत नाही आणि एक दिवस कुणी आलं नाही तर ते जाणवतं.

शहापूर नागपूर–भंडारा महामार्गावर आहे. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, गावात अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि चहूकडे धान. म्हणजे एकाच वस्तीत महिन्याचा पगार घेणारे, रोजची मजुरी घेणारे, धान विकल्यावर वर्षातून एकदा रक्कम हाती पडणारे आणि घरून पैसे येणारे विद्यार्थी असे चार तऱ्हेचे लोक राहतात. प्रत्येकाच्या पिण्याचं कॅलेंडर वेगळं. पगारदाराचा धोक्याचा दिवस महिन्यात एक, मजुराचा रोजचा, शेतकऱ्याचा धान विकल्यावरचा. महामार्गामुळे बाटली कधीच लांब नसते. त्यामुळे इथली खोली आठवड्यातून एकदा उघडून चालणार नाही. कुटुंबाची बैठक आठवड्यातून एकदा पुरेल. पण दार रोज उघडायला हवं, रविवारी, पोळ्याला, होळीला, दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवशीही. किंबहुना सुटीच्या दिवशी दार बंद ठेवणारी जागा मी अशा कामासाठी निरुपयोगीच मानीन.

जागा निवडताना आधी काय टाळायचं ते पाहा. भट्टी किंवा बार दिसेल अशी जागा नको, तिथे जाण्याचा रस्ता दुकानावरून जाणारा नको. सरपंचाच्या घरची पडवी नको, पक्षाचं कार्यालय नको, कारण निवडणूक आली की अर्धे लोक येणं बंद करतील. देऊळ, विहार, मशीद यांचं आवार नको; त्याबद्दल पुढे बोलतो. रिकामी पडलेली शाळेची खोली, समाजमंदिराचा स्वतंत्र दार असलेला भाग, कुणाचं बंद असलेलं दुकान, यांपैकी काहीही चालेल. दहा-पंधरा माणसं दरी टाकून बसतील इतकी जागा, एक नळ, शौचालय, दोन दिवे, चहाची शेगडी. कॅरम, रोजचं वर्तमानपत्र, थोडी पुस्तकं. खायला मुरमुरे-फुटाणे असायलाच हवेत, कारण संध्याकाळची भूक आणि दारूची तल्लफ यांतला फरक नव्यानं सोडलेल्याला कळत नाही. पोटात काही गेलं की पुष्कळदा ती वेळ टळते. चाव्या दोन माणसांकडे असाव्यात, म्हणजे एक लग्नाला गेला तरी दार उघडेल. भाडं, वीज आणि चहा एवढाच खर्च. तो एका डब्यात जमेल तसा टाकून भागवावा, देणगीदाराचं नाव भिंतीवर लागू नये. सदस्यांनी एकमेकांना पैसे उसने द्यायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक असावा. उसनवारीनं जितक्या बैठका मोडतात तितक्या दारूनंही मोडत नसतील.

तिथे रोज काय करायचं? फार काही नाही, आणि ते मुद्दाम. सहाला दार उघडतं, चहा होतो, आलेला माणूस झाडू मारतो, पाणी भरतो, हिशेब लिहितो. न्यूयॉर्कच्या फाउंटन हाऊसनं १९४८ पासून मनोविकारातून सावरणाऱ्यांसाठी जी पद्धत घालून दिली तिचं मर्म हेच होतं की येणारा रुग्ण नसतो, सदस्य असतो, आणि जागा त्याच्या हातांवर चालते. ज्याला घरी वर्षभर कुणी दहा रुपये हाताळायला दिले नाहीत त्याच्या हातात चहाच्या डब्याचा हिशेब देणं, हा मोठा उपचार आहे. साडेसातच्या सुमारास तासभर बैठक. ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला नाही तो ऐकतो. मध्ये कुणी सल्ला देत नाही, उपदेश करत नाही. आज काय झालं, कधी वाटलं, काय केलं, इतकंच. उद्याचा धोका असेल तर तोही आजच सांगायचा: ‘उद्या साळ्याचं लग्न आहे.’ मग कोण सोबत जाणार, किती वाजता परतायचं, ते तिथेच ठरतं. जो दोन दिवस आला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी नव्हे, दुसऱ्याच संध्याकाळी कुणीतरी जातं.

पिऊन आलेल्याचं काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं. त्याला हाकलायचं नाही आणि बैठकीतही बसवायचं नाही. दोघांनी त्याला घरी पोचवायचं आणि उद्या सहाला ये म्हणून सांगायचं. तो पुन्हा प्यायला म्हणून त्याचं नाव काढायचं नाही. न पिण्याचे दिवस मोजणं पुन्हा एकपासून सुरू होईल, पण खोलीतली त्याची जागा तीच राहील. मात्र तो चावीचा मानकरी असेल तर चावी काही महिने दुसऱ्याकडे जावी. ही शिक्षा नाही, त्याच्यावरचं ओझं कमी करणं आहे. न पिण्याचं वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस करावा, घरच्यांना बोलवावं, पण फोटो काढून गावभर फिरवू नये. ‘आमच्या गावचा सुधारलेला माणूस’ असं ज्याचं पोस्टर लागतं त्याला पुढे घसरल्यावर खोलीत परत यायला तोंड उरत नाही.

या खोलीत औषध मिळणार नाही, हे ठळक अक्षरांत लिहून लावा. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. असा माणूस आला तर चहा न देताच त्याला भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावं, गरज पडली तर पुढे नागपूरला मेडिकल किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात. तोपर्यंत त्याला एकटं सोडू नये आणि त्याची दारू घरच्यांनी जबरदस्तीनं तोडू नये. जेवणातून किंवा चहातून नकळत द्यायच्या ‘दारू सोडवणाऱ्या’ पावडरीपासून लांब राहा. अशा पुडीत काय आहे ते घरच्यांना ठाऊक नसतं, आणि दारूवर उलट परिणाम घडवणारं औषध असेल तर पिणाऱ्याचा रक्तदाब आणि हृदय यांवर धोकादायक ताण येतो. असं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाच्या संमतीनं आणि त्याला सगळं ठाऊक असतानाच घ्यायचं असतं. आणखी एक गोष्ट. माणसाला खोलीत कोंडून, बांधून, मारून ‘सुधारणं’ हा गुन्हा आहे. दारू आणि इतर मादक पदार्थांशी निगडित मानसिक त्रास २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतो आणि त्या माणसाला हक्क आहेत. फोनवर मदत हवी असेल तर व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही मोफत क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर ते बोलणं बैठकीपुरतं गुप्त ठेवायचं नसतं. त्या रात्री त्याच्यासोबत कुणीतरी राहायचं असतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जुना: दहा पिणारे एका जागी बसवले तर अकरावा अड्डा होईल. ही भीती निराधार नाही. नुसती खोली उघडून कुणी जबाबदार नसेल तर तसं होईलच. पण वर ज्या अभ्यासांचा उल्लेख केला त्यांत एकत्र बसणारेच जास्त टिकले. अड्डा आणि ही बैठक यांत माणसं तीच असतील, फरक पहिल्या माणसाचा असतो. म्हणून सुरुवात करताना किमान दोन जण असे हवेत ज्यांना सोडून वर्षाहून जास्त झालं आहे. गावात ते नसतील तर नागपुरातल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना तुमच्यातल्या दोघांनी आधी दोन-तीन महिने जाऊन यावं आणि तिथल्या जुन्या सदस्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ येण्याची विनंती करावी. शिकलेला समुपदेशक मिळेपर्यंत थांबायचं का, असंही कुणी विचारतं. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आला. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांनी केलेल्या थोड्याशा समुपदेशनानं तीन महिन्यांनी ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, नेहमीच्या उपचारात २६ टक्क्यांचं. न पिणाऱ्यांचं प्रमाण तर ४२ विरुद्ध १८ टक्के होतं. हे अपायकारक पिणाऱ्यांबद्दल आहे, पूर्ण अवलंबून असलेल्यांबद्दल नाही. त्यांना दवाखाना लागतोच. पण गावची आशाताई किंवा बारावी शिकलेला तरुण या कामाचा नाही, असं यानंतर म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आपल्या भागात हे काम आधीच होतं आहे. परमात्मा एक सेवक मंडळ बाबा जुमदेवजींच्या शिकवणीवर उभं आहे, दारू-जुगार सोडणं हा त्यांच्या नियमांचाच भाग आहे, आणि याच महामार्गावर मौद्याला त्यांचा आश्रम आहे. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना गावागावांत चालते. बौद्ध घरांत पंचशीलातलं पाचवं शील मद्य-मादक पदार्थांपासून दूर राहण्याचंच आहे. मग वेगळी खोली कशाला? माझं उत्तर असं की या मार्गांनी सुटलेले लोक माझ्याच म्हणण्याचा पुरावा आहेत. त्यांच्यात श्रद्धेइतकंच सामर्थ्य नव्या संगतीचं आहे, रोजच्या किंवा आठवड्याच्या बैठकीचं आहे. ज्याला त्या वाटेनं जमतं त्यानं तिथेच जावं, त्याला ओढून आणू नये. पण ज्याची ती श्रद्धा नाही त्याला कुठे पाठवाल? आणि ज्यानं तिथे शपथ घेतली, पुन्हा प्यायला आणि आता लाजेनं त्या दारात पाऊल टाकत नाही, त्याला कोण घेईल? शपथेची जागा आणि घसरलेल्याची जागा या दोन वेगळ्या असाव्या लागतात. म्हणून खोलीत कुठलाही फोटो नको, आरती नको, आणि कुणाच्या गळ्यातल्या माळेला आक्षेपही नको.

लहान गावात गुप्तता कशी राहणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर नाही. कोण पितो ते गावाला आधीच ठाऊक असतं, हे मात्र विसरू नका. न पिण्याच्या प्रयत्नाचीच तेवढी लाज वाटते. तिला उपाय म्हणजे खोली फक्त पिणाऱ्यांची न ठेवणं. वर्तमानपत्र वाचायला, कॅरम खेळायला न पिणारेही यावेत. साडेसातची बैठक तेवढी सदस्यांची. हजेरीपट ठेवू नका, नावांची यादी ग्रामपंचायतीला किंवा मालकाला देऊ नका, बैठकीचं चित्रण करू नका. महाविद्यालयातल्या मुलांना आणि कारखान्यातल्या नोकरदारांना हा भरवसा नसेल तर ते येणारच नाहीत. आणि दारूबंदीच हवी, बाकी सगळं वरवरचं, असं म्हणणाऱ्यांशी मला भांडायचं नाही. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, भंडाऱ्यात ती नाही. चंद्रपुरात उठली त्या संध्याकाळी सोडलेल्या माणसाला कुठे जाऊन बसायचं होतं, हाच माझा प्रश्न आहे. बंदी असो वा नसो, ती जागा लागतेच.

घरच्यांकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. नवऱ्यानं दारू सोडली की बायकोनं आनंदी व्हावं अशी अपेक्षा असते, पण दहा वर्षांचा धसका दहा दिवसांत जात नाही. तो उशिरा आला की ती तोंडाचा वास घेते, तो चिडतो, आणि मार्लाट यांनी लिहून ठेवलेलं ते भांडण सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एक दुपार बायका, आया, मोठ्या झालेल्या मुली यांच्यासाठी वेगळी ठेवा, शक्यतो बचत गटाच्या वेळेला जोडून, म्हणजे कुठे चाललीस याचं उत्तर द्यावं लागत नाही. तिथे त्यांनी नवऱ्याला सुधारायचे उपाय शिकायचे नाहीत, आपलं बोलायचं. मारहाण होत असेल तर बैठकीनं समेट घडवायला जाऊ नये. ११२ ला फोन करायला आणि माहेरी जायला मदत करावी. आणि पिणाऱ्या बाया आपल्या गावात नाहीत असं समजू नका. त्यांना पुरुषांच्या खोलीत बोलवणं शक्य नाही. आशाताईच्या ओळखीनं, वेगळ्या घरी, वेगळ्या वेळी सुरुवात करावी लागेल. खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं म्हणाल तर खोलीत खर्रा चालणार नाही असं पहिल्या महिन्यात म्हणू नका. दार आत येणाऱ्याला आधी दारूपासून वाचवण्यासाठी आहे. पण सहा महिन्यांनी तो विषय बैठकीत काढा, कारण तोवर बोलायची सवय झालेली असते.

सुरुवात ज्येष्ठात करा, रोवणीची धावपळ लागायच्या आत. तेव्हा पाच-सहा जण आले तरी पुरे. रोवणीच्या दिवसांत माणसं थकून येतील, बोलणार नाहीत, नुसती चहा पिऊन बसतील. दार तरी उघडंच ठेवा. मग श्रावण येईल आणि खोली एकाएकी भरेल, कारण पाळणारे कितीतरी जण बसायला जागा शोधत असतात. त्या गर्दीनं हुरळून जाऊ नका; पोळा कोणत्या तारखेला येतो ते पंचांगात आधीच पाहून ठेवा. पोळ्याच्या संध्याकाळी बैल घरी आले की सहाऐवजी पाचलाच कुलूप काढा, दुसऱ्या दिवशी करीला दुपारपासून. चहासोबत त्या दोन दिवशी जेवण ठेवा, झुणका-भाकर चालेल. नऊला दार लावायची घाई करू नका. शेवटचा माणूस उठेपर्यंत चावीवाल्यांपैकी एकानं बसून राहायचं आणि दुसऱ्यानं जे आले नाहीत त्यांच्या घरावरून एक चक्कर मारून यायचं.